पांढऱ्या रेघेची बखर

आमच्या पाचूबंदरात श्रावण आल्याची वर्दी पंचांगाच्या आधी रंगाचा वास देतो. जून आणि जुलै असे दोन महिने मासेमारीला सरकारी बंदी असते. वसईच्या किल्ल्याच्या तटापलीकडे, खाडीच्या तोंडाशी, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. बोंबील वाळवायच्या वलांड्यांचे नुसते बांबू उभे, डोलजाळी पडव्यांतून दुरुस्तीसाठी पसरलेली, आणि शाळेतली मुलेही जराशी सुस्तावलेली. मग जुलैच्या अखेरीस पावसाने चार दिवस उघडीप दिली, की जो तो नाखवा रंगाचे डबे घेऊन आपल्या होडीपाशी उभा राहतो. निळा, पांढरा, तांबडा, पिवळा. पूर्वी लाकडाला मुशीच्या काळजाचे तेल चोळीत आणि त्याचा दर्प आठ दिवस वस्तीवरून हलत नसे, असे म्हातारी माणसे सांगतात. आता डब्यातल्या तेलरंगाचा वास येतो. तो मला आवडतो, हे कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या नाखव्याच्या होडीवर तलासरीकडचे खलाशी कामाला असतात. पावसाळ्यात ते भातलावणीसाठी गावी जातात आणि होडी समुद्रात लोटायच्या आठवडाभर आधी परततात. त्यांतला एक वारली तरुण होडीच्या नाळेला पांढरा रंग देत होता. दुपारी सगळे जेवायला गेले. मी शाळेतून परत येताना पाहतो, तर हा बाबा डब्याच्या तळाशी उरलेल्या रंगात काडी बुडवून निळ्या फळीवर काहीतरी काढीत बसलेला. एक जाळे, त्यात मासे, आणि जाळे ओढणारी दोन त्रिकोणांची माणसे. वितीएवढे चित्र, पण माणसे खरोखर ओढीत होती!

नाखवा आला, त्याने पाहिले आणि राहू दे म्हणाला. मी आपला मास्तरकीच्या सवयीने विचारले, “हे खाऱ्या पाण्यात टिकेल का रे?”

“हा टिकंल. तेलाचा रंग आहे,” तो म्हणाला. मग हसून म्हणाला, “आमचा घरचा नाही टिकत. लगीन झाला का त्याचा काम झाला.”

हे वाक्य मला लागले. लागायला कारण होते. त्याच वर्षी जूनमध्ये मी आमच्या शाळेच्या ओटीवरची भिंत ‘वारली चित्रांनी’ सुशोभित केली होती. एका कॅलेंडरावरचे चित्र समोर ठेवून मोठी चौकट आखली, आत नक्षी, मध्ये हात पसरून उभी असलेली एक आकृती. मुलांनी हौसेने पट्ट्या भरल्या. रंग चांगला असावा म्हणून पदरचे पैसे घालून मुंबईहून अॅक्रिलिक पांढऱ्याची बरणी आणली होती. सगळ्यांनी वाहवा केली. फक्त ह्या खलाशाची बायको, जी बंदरावर मासळी निवडायच्या कामाला येते, ती एक दिवस ओटीसमोर थबकली. बराच वेळ पाहत राहिली आणि तिने मला विचारले, “गुरुजी, लगीन कुणाचा?”

मी म्हणालो, “लग्न कोणाचे नाही. शोभेसाठी आहे.”

ती काही बोलली नाही. टोपली उचलून निघून गेली.

ज्या चित्राला मी शोभा समजलो होतो ते काय आहे, हे शोधण्यात माझी दोन वर्षे गेली. एका कादंबरीचे काम त्यापायी मागे पडले, त्याचे दुःख प्रकाशकाखेरीज कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

वारल्यांच्या घरी चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. कारवीच्या कुडाच्या भिंतीला शेणामातीचा लेप देतात, त्यावर गेरूचा हात फिरवतात. तांबडी भूमी तयार झाली की सुवासिनी पुढे होतात. भिजवलेले तांदूळ वाटून पाण्यात कालवलेला पांढरा रंग, आणि दातांनी चावून टोक मऊ केलेली काडी, एवढेच साहित्य. आधी चौकट. चौकटीला बारीक नक्षीच्या पट्ट्या, एकीत एक. मध्ये पालघट देवी, झाडांची, पिकांची, संततीची देवता. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. आसपास सूर्य, चंद्र, शिडी, फणी. बाया रेघ ओढतात आणि गातात. लग्न लावणारीही बाईच असते. तिला धवलेरी म्हणतात, आणि तिच्या गाण्यातून देव एकेक करून लग्नघरी येतात. आपल्याकडे पुरोहितपणावर पुरुषांनी केवढा हक्क सांगितला आहे! आणि इथे आपल्याच जिल्ह्यात, लोकलगाडीच्या अंतरावर, एका समाजात लग्न लावण्याचे आणि देव भिंतीवर आणण्याचे, दोन्ही काम पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हाती आहे. आमच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात हे मी मुलांना शिकवले होते? एकाही नाही.

तांदळाच्या पांढऱ्याचा एक गुण मला फार मोहक वाटतो. ओला असताना तो नीट दिसत नाही. गेरूवर काडी फिरते तेव्हा पाण्याची ओल उमटावी तशी अंधूक रेघ उठते. सुकू लागली म्हणजे आतून पांढरी होत येते. म्हणजे काढणारीला आपण काय काढले ते थोड्या वेळाने कळते. हातावर भरवसा असल्याखेरीज हे काम होणे नाही. मात्र हा रंग भिंतीला धरून राहतो तो केवळ पिठातल्या चिकटपणाने. पाणी लागले की विरघळतो, बुरशी चढते, उंदीर आणि किडे त्याला अन्न समजतात, आणि ते काही चूक नाहीत. चुलीचा धूर बाकीचे काम करतो. घरात पुढले लग्न निघाले की भिंतीवर पुन्हा शेण, पुन्हा गेरू, पुन्हा चौक. जुने जपून ठेवायची कल्पनाच त्यात नव्हती. ज्या लग्नासाठी देवी आली ते लागले, ती गेली.

मग हे चित्र भिंतीवरून उतरले कसे?

त्याची सुरुवात आपल्या मुलखात नव्हे, बिहारात झाली. १९६६-६७ साली तिकडे भयंकर दुष्काळ पडला. हस्तकलांच्या सरकारी कामाची धुरा वाहणाऱ्या पुपुल जयकर ह्यांनी भास्कर कुलकर्णी नावाचा एक मराठी चित्रकार मिथिलेत पाठवला. तिकडच्या बाया घरच्या भिंतींवर जी चित्रे काढीत ती कागदावर काढून घ्यावीत, विकावीत, आणि चार पैसे त्यांच्या हाती पडावेत, अशी ती योजना. आज मधुबनी म्हणून जगभर जे ओळखले जाते त्याच्या बाजाराचा पाया असा भुकेच्या दिवसांत घातला गेला. त्यानंतर काही वर्षांनी, १९७०नंतरच्या दिवसांत, हाच भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या वारली पाड्यांवर हिंडू लागला.

इथे त्याला भिंतींवर लिहिणाऱ्या बाया भेटल्या, त्या भेटणारच होत्या. पण भेटला एक पुरुषही, आणि तो लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढीत असे. त्याचे नाव जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढे डहाणू तालुक्यात गंजाडजवळ कळंबीपाड्यात स्थायिक झालेला. त्याच्याविषयी सांगतात की सातव्या वर्षी आई गेली आणि ह्या पोराची वाचा बंद झाली. कितीतरी काळ तो कोणाशी बोलत नसे. काय हवे नको ते धुळीत बोटाने काढून दाखवी. मी चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग गेली वीस वर्षे सांभाळतो आहे. न बोलणारे मूल बाकावर बसलेले असते तेव्हा आपण मास्तर लोक त्याला काय म्हणतो, ते इथे लिहिण्याजोगे नाही. धुळीत काय काढले आहे ते पाहायला आपण वाकत नाही, एवढे मात्र खरे.

१९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत जिव्याची चित्रे लागली. जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत केकू गांधींनी थाटलेली ही गॅलरी त्या वेळच्या नव्या चित्रकारांचे घरच होती. हुसेन, तय्यब मेहता ह्यांच्या बरोबरीने एक शेतकरी आपली चित्रे घेऊन तिथे आला. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, चित्रे फ्रान्सला गेली आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आले, आणि लगेच एक साधा, व्यवहारी प्रश्न उभा राहिला. भिंत हलत नाही. कागद गुंडाळला जातो, गाडीत बसतो, समुद्रापलीकडे जातो, दमट गोदामात पडतो. तांदळाचा रंग गुंडाळीत तडकतो, पापुद्रे धरतो आणि पिठाच्या पांढऱ्या भुकटीने देव झडून जातात. ह्यावर उपाय काय? पहिल्यांदा डिंक, मग पोस्टरचा पांढरा, मग १९५९पासून आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला फेविकॉल त्यात कालवणे. आणि पुढे अॅक्रिलिक.

रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या वर्षी सन्मानाने संपला, तरी ह्या रंगाची कुळकथा थोडी सांगतो. ती कंटाळवाणी नाही. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे ओटो र्‍योम नावाच्या तरुणाने १९०१ साली अॅक्रिलिक आम्लापासून होणाऱ्या चिवट पदार्थांवर प्रबंध लिहिला. त्याचे पुढे काय करायचे हे कळायला तीस वर्षे गेली. त्या वेळात त्याने ओटो हास ह्या मित्राबरोबर कारखाना काढला, आणि १९३३ साली त्या पदार्थाची काचेसारखी पारदर्शक, न फुटणारी तावदाने बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धात ती विमानांना लागली. चित्रकार मंडळी तेवढ्यात कारखान्यांतले रंग हाताळू लागलीच होती. मेक्सिकोच्या सिकेरोस ह्याने १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये ह्या प्रयोगांसाठी कार्यशाळाच भरवली होती. पण आज शाळेच्या मुलाच्या हाती असलेला, पाण्यात कालवायचा अॅक्रिलिक रंग चित्रकारांसाठी बाजारात आला तो १९५५ साली, अमेरिकेत सिनसिनाटी येथे, हेन्री लेव्हिसनच्या कारखान्यातून.

त्याची खुबी अशी. पाण्यात ह्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण सुटे सुटे तरंगत असतात. म्हणून ओला असताना तो दुधासारखा दिसतो. पाणी उडू लागले की कण विरार गाडीतल्या उतारूंसारखे एकमेकांना खेटतात, इतके की शेवटी वेगळे ओळखूच येत नाहीत, आणि त्यांचा एकसंध, पारदर्शक, रबरासारखा पापुद्रा होतो. एकदा झालेला पापुद्रा पाण्याने पुन्हा सुटत नाही. तेलरंग सुकतो तो हवेतला प्राणवायू खाऊन, महिनोन्महिने. हा सुकतो पाच-दहा मिनिटांत. म्हणजे पाहा, तांदळाचा रंग ओला असताना अंधूक आणि सुकल्यावर पांढरा; अॅक्रिलिकचा बंध ओला असताना पांढुरका आणि सुकल्यावर अदृश्य. रंगाची पांढरी भुकटी तेवढी त्यात अडकून राहते. दोघे एकमेकांचे उलटे भाऊ!

जगातल्या वस्तुसंग्रहालयांच्या यादीत आणि लिलावांच्या पुस्तकांत जिव्याच्या चित्रांखाली साहित्य लिहिलेले असते: कापडावर शेण आणि अॅक्रिलिक. मी ही ओळ प्रथम वाचली तेव्हा हसलो. मग डहाणूला गेलो आणि हसणे थांबले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सकाळची गाडी पकडून डहाणू रोडला उतरलो आणि पुढे गंजाडच्या बाजूला एका पाड्यावर गेलो. आमच्या खलाशाने आपल्या नात्यातल्या एका चित्रकाराचा पत्ता दिला होता. माणूस चाळिशीचा, अबोल. “बसा,” म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. मी दिवसभर बसलो, आणि त्या एका दिवसात जे पाहिले ते जमेल तसे सांगतो.

मांजरपाटाचे कापड आधी पाण्यात भिजवून, त्यातली खळ धुऊन काढलेली होती. ते अंगणात ताणून चारी कडांना दगड ठेवले. ताजे शेण पाण्यात कालवून फडक्यातून गाळले. कालच्या भाताच्या काड्या, चोथा सगळा वर राहिला. गाळलेल्यात डिंकाचे पाणी ओतले. मग हाताच्या तळव्याने पहिला लेप, आडवा. तो सावलीत सुकेपर्यंत दोन वेळा चहा झाला. दुसरा लेप उभा. उन्हात घाई केली तर भेगा पडतात, एवढे एकच वाक्य तो ह्या वेळात बोलला. कापडाचा रंग आधी हिरवट, मग मेंदीसारखा, शेवटी सुक्या गवताचा झाला. ह्या भूमीला चकाकी अजिबात नसते. उजेड तिच्यावर पडतो आणि आत मुरतो. पांढऱ्या रेघेला असा काळोखा, मऊ शेजार लागतो. साध्या तपकिरी कागदावर तीच रेघ काढून पाहा, उपरी दिसते.

अॅक्रिलिक पांढऱ्याची बरणी आत घरातून आली, अगदी माझ्या शाळेतल्या बरणीची बहीण. करवंटीत दोन बोटे रंग घेतला, त्यात थेंब-थेंब पाणी. काडी बुडवून डाव्या अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून पाहिली. दाट झाला तर काडीवरच सुकतो, पातळ झाला तर पसरतो, आणि फार पाणी घातले तर कणांना एकमेकांना धरायला बळ उरत नाही, रंग पुढे झडतो. तिसऱ्या खेपेला नखावरची रेघ त्याच्या मनासारखी आली.

पेन्सिलीने आखणी नाही. कच्चे चित्र नाही. कापडावरच बसून त्याने एका कोपऱ्यातून झाडाचे मूळ सुरू केले, आणि झाड वाढत गेले तसा स्वतः मागे सरकत गेला. वर-खाली असे काही त्या चित्राला नव्हतेच. तो फिरून दुसऱ्या बाजूने आला की तीच बाजू खालची. माणूस काढताना आधी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, मग डोक्याचा ठिपका, हातपाय शेवटी. पण गंमत त्रिकोणांत नाही. ते दोन त्रिकोण एकमेकांवर किती कलले आहेत, त्यावर तो माणूस ओझे वाहतो आहे, नाचतो आहे की दारू पिऊन घरी चालला आहे, हे ठरते. माझ्या मुलांनी शाळेच्या भिंतीवर काढलेली माणसे पट्टी लावून काढलेली होती. ती सारी कवायत करीत उभी होती!

मी कादंबरी लिहितो तेव्हा खोडतो. एकेक पान चार-चार वेळा. हा माणूस खोडेल कसे? सुकलेले पाण्याने जात नाही. दुपारी त्याचा एक बैल बिघडला. शिंग भलतीकडे गेले. त्याने काहीही गडबड केली नाही. वाटीतल्या शेणात बोट बुडवून बैलावर फिरवले आणि दुसरीकडे वळला. ते सुकल्यावर तेथे किंचित गडद डाग राहिला. अर्ध्या तासाने पाहतो तर त्या डागावर मुंग्यांचे वारूळ उभे होते आणि मुंग्यांची रांग झाडापर्यंत गेली होती. चित्रातली सर्वांत जिवंत जागा तीच. मला माझ्या कादंबरीची खोडलेली पाने आठवली.

संध्याकाळी मी विचारले, तांदूळ का सोडला? तो म्हणाला, “उंदीर खातात. गिऱ्हाइकाच्या घरी कीड लागली तर तो मलाच बोलंल.” ह्यापुढे विचारण्यासारखे काय होते? पोटाचा धंदा आहे. पण त्याची बायको चुलीपाशी होती, ती तिकडूनच म्हणाली, की पाड्यावर परवा लग्न आहे, तिला चौकाला जायचे आहे, आणि तिने तांदूळ भिजत घातले आहेत. मी म्हणालो, “ही बरणी घेऊन जा की, चौक चांगला टिकेल.” ती माझ्याकडे पाहून हसली. “तो विकायचा थोडाच आहे?” म्हणाली.

ह्या एका घरात दोन पांढरे नांदत होते आणि दोघांचे भांडण नव्हते. भांडण माझ्या डोक्यात होते.

ते असे. चित्र टिकावे, ही इच्छा आपल्याला इतकी सहज वाटते की टिकवण्याच्या खटपटीत काय जाते ते आपण पाहत नाही. आपल्या अजिंठ्याचीच कथा घ्या. तिथल्या भिंतींवरही आधी माती, शेण, भाताचा तूस ह्यांचाच लेप आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. म्हणजे डहाणूचा पाडा आणि अजिंठ्याचे लेणे ह्यांच्यात पायाचा फरक नाही. इंग्रजांना वाटले, हे नष्ट होईल, नकला करून ठेवाव्यात. रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे लेण्यांत राहून मोठमोठ्या नकला केल्या, त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या, आणि १८६६ साली तिथे आग लागून त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा बसले. तेरा वर्षे हे काम चालले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्यांत होते. त्या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या पुष्कळ भस्म झाल्या. जपण्यासाठी नेलेले जळाले, आणि सोडून दिलेली भिंत वाघूर नदीच्या काठी अजून उभी आहे! पण ह्याच्या उलटही सांगितले पाहिजे. अजिंठ्याच्या कितीतरी भिंतींवरचे रंग माणसांच्या निष्काळजीपणाने आणि वर फासलेल्या रोगणाने गेले, आणि ग्रिफिथ्सच्या उरलेल्या नकलांत काही गोष्टी आज अधिक स्पष्ट दिसतात. तेव्हा नाशवंताची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

अॅक्रिलिकने मुंबईच्या चित्रकारांनाही नवी वाट दिली. जे. जे.मध्ये शिकलेल्या सय्यद हैदर रझांचे ‘सौराष्ट्र’ (१९८३) ह्याच रंगातले आहे. तय्यब मेहतांनी तेलरंग सोडून हा रंग धरला, त्याच्या सपाट, न थरथरणाऱ्या रंगपटांसाठी. त्यांचा ‘महिषासुर’ (१९९७) २००५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पंधरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. त्याच रंगाच्या बरणीतून डहाणूच्या पाड्यावर जे निघते त्याची किंमत किती, हे मी त्या चित्रकाराला विचारले होते. आकडा इथे देत नाही. दिवाळीच्या दिवसांत वाचकांचा घास कडू करू नये.

जिव्याचे मात्र नाव झाले. १९८९ साली पॅरिसला जगभरच्या चित्रकारांचे एक मोठे प्रदर्शन भरले, त्यात तो होता. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताबरोबर त्याची चित्रे मांडली गेली. हा लाँग मैलोन्‌मैल चालतो आणि दगडमातीच्या रेघा, वर्तुळे करतो. तो वारली मुलखातही येऊन गेला. २०११ साली जिव्याला पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी तो गेला. मुलगे, नातवंडे चित्रे काढतात.

त्याच्या जाळ्यांच्या चित्रांपुढे मी पाचूबंदरचा माणूस म्हणून उभा राहतो. मोठ्या कापडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच जाळे. हजारो बारीक रेघा, एकही दुसरीसारखी नाही, आणि त्यांतून सारे पाणी हलल्यासारखे दिसते. कडेला होडी, तिच्यात इवलीशी माणसे. मी छापलेले चित्र शेजारच्या नाखव्याला दाखवले. त्याने चष्मा लावला, जाळ्याच्या एका कडेवर बोट ठेवले आणि म्हणाला, “इथे ओढ आहे.” ज्या बाजूने ओढतात त्या बाजूची भोके लांबट होतात, दुसरीकडची गोल राहतात, ते जिव्याने बरोबर धरले होते. कलेवरचे चार ग्रंथ मी वाचले, त्यांत हे मला सापडले नव्हते.

आणि बाया? ज्यांची ही विद्या, त्यांचे काय झाले? कागद आला, विक्री आली, गाडीने मुंबईला जाणे आले, आणि चित्रकार म्हणून ज्यांची नावे छापली गेली ते बहुतेक पुरुष. हे जिव्याने केले असे नव्हे. लग्नाच्या भिंतीवर चित्राखाली नाव घालायची चालच नव्हती. नाव घालायची वेळ आली तेव्हा जो दाराबाहेर उभा होता त्याचे नाव लागले. अलीकडे काही वारली बाया आणि मुली स्वतःच्या नावाने कापडावर काढतात, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांनी पन्नास लग्नांचे चौक लिहिले आणि ज्यांचे एकही चित्र कोठे उरलेले नाही, त्यांची यादी कोण करील? ती कुठल्या संग्रहालयात नाही आणि ह्या लेखातही मला देता येत नाही.

आता शाळेच्या भिंतीचे सांगायचे राहिले.

डहाणूहून परत आल्यावर मला ती चौकट पाहवेना. कोणाच्या लग्नावाचून देवीला ओटीवर आणून उभे केले होते आणि तिच्या पुढ्यात मुले डबे उघडून जेवत होती. मी मुख्याध्यापकांना सांगून ती पुसायला घेतली. पाण्याने जाईना, हे मला आता आधीच ठाऊक होते, तरी घासून पाहिले. काथ्याने घासले, हात सोलले. शेवटी चुन्याचे दोन हात दिले आणि भिंत कोरी झाली. ती ह्या जूनपर्यंत. अॅक्रिलिकच्या गुळगुळीत पापुद्र्यावर चुना धरत नाही. पहिल्याच मोठ्या पावसाच्या झडीने नेमका रेघांवरचा चुना गळून पडला, बाजूचा राहिला, आणि पालघट हात पसरून पूर्वीपेक्षा स्वच्छ उभी राहिली.

जुलैच्या अखेरीस होड्यांना रंग सुरू झाला त्या दिवशी मी चुन्याची बादली घेऊन ओटीवर गेलो. खलाशाची बायको गावाहून परतली होती, टोपली घेऊन बंदराकडे चालली होती. बादली पाहून थांबली. भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“असू द्या गुरुजी,” ती म्हणाली, “आता आलीच आहे परत, तर बसू द्या.”

मी तो चुना शाळेच्या मागच्या भिंतीला लावला.